गोरखचिंच चुलीपर्यंत

हातकणंगल्याच्या बाजूच्या एखाद्या शेतकऱ्याचे साधे जेवण डोळ्यांसमोर आणावे. शाळूची भाकरी, अंबाडीची भाजी, चवळीची आमटी आणि त्या आमटीत चिंचेचा कोळ. तिथून पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावड्याकडे सरकले की शाळूच्या जागी नाचणीची भाकरी येते, एवढाच फरक. हे जेवण आपल्या मातीचे आहे याबद्दल कोल्हापुरात कुणालाही शंका येणार नाही आणि तशी शंका येण्याचे कारणही नाही. तरीही ज्वारी, नाचणी, चवळी, अंबाडी आणि चिंच या पाचही वनस्पतींचे मूळ घर आफ्रिका खंडात आहे. कुणी हजारो वर्षांपूर्वी आले, कुणी नंतर. पण जे आले ते शेतात रुजले, जात्यात दळले गेले, कढईत शिजले आणि आपलेच झाले.

त्याच खंडातून आणखी एक झाड आपल्याकडे आले. तेही तिकडच्या लोकांच्या रोजच्या वापरातले होते. त्याची पाने भाजीत पडत, फळाचा गर पेजेत आणि सरबतात जाई आणि सालीच्या वाखाचे दोर वळले जात. हे एक झाड मात्र आपल्या चुलीपर्यंत पोहोचले नाही. ते झाड म्हणजे गोरखचिंच, ज्याला जगभर बाओबाब म्हणतात. आपण त्याच्या बुंध्याला हात जोडले, त्याच्या सावलीत साधूला जागा दिली, त्याच्या अवाढव्य आकाराचे कौतुक केले आणि तिथेच थांबलो. मला हे अपुरे वाटते आणि त्याबद्दलच मला सविस्तर लिहायचे आहे.

माझ्या ओळखीची गोरखचिंच हातकणंगले तालुक्यात एका मुरमाड माळाच्या कडेला उभी आहे. खालच्या अंगाला ऊस आहे, वर नुसता माळ, आणि मधल्या बांधाजवळ हे झाड. दिवाळीनंतर त्याची पाने उतरू लागतात आणि पुढे संपूर्ण उन्हाळाभर ते पूर्ण उघडे असते, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ते वाळले आहे असेच वाटते. जवळ जाऊन बुंध्यावर तळहात ठेवला की ती समजूत दूर होते. साल राखाडी, गुळगुळीत आणि किंचित चकाकणारी असते, आणि नखाने हलकेच खरवडले तर वरच्या पातळ पापुद्र्याखाली हिरवा थर दिसतो. पाने नसलेल्या महिन्यांतही हा हिरवा थर सूर्यप्रकाशावर अन्न तयार करत राहतो. बुंधा खाली अतिशय रुंद, जागोजागी घड्या पडल्यासारखा आणि वर गेल्यावर एकदम आखूड, जाड फांद्यांत संपणारा आहे. लाकूड असे म्हणावे तर ते फारसे लाकूड नाहीच. पाण्याने भरलेल्या मऊ, जिवंत पेशींचा तो प्रचंड साठा आहे, म्हणून सुताराला त्याचा उपयोग नाही आणि जळणालाही ते चांगले नाही. कदाचित म्हणूनच ही झाडे आपल्याकडे कुऱ्हाडीपासून वाचली असावीत.

वळवाचे पाऊस सुरू झाले की पालवी फुटते. एका देठाच्या टोकाला पाच ते सात पर्णिका हाताच्या बोटांसारख्या पसरतात. काटेसावर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. भेंडी, कापूस, जास्वंद आणि अंबाडी हीसुद्धा त्याच कुळात येतात. हे नाते वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकापुरते नाही, ते स्वयंपाकघरात थेट हाताला लागते. गोरखचिंचेचे कोवळे पान बोटांत चुरगाळले की भेंडीसारखा चिकट बुळबुळीतपणा बोटांना जाणवतो, आणि शिजवल्यावर तो आणखी वाढतो.

पश्चिम आफ्रिकेत याच बुळबुळीतपणासाठी ते पान खाल्ले जाते. पावसाळ्यात ताजी पाने आणि एरवी सावलीत वाळवून कुटलेली पूड, असा वर्षभराचा हिशेब असतो. मालीमध्ये त्या पुडीला लालो म्हणतात, नायजेरियाच्या उत्तर भागातील हौसा लोक तिला कुका म्हणतात, आणि बाजरी-ज्वारीच्या घट्ट उकडीबरोबर त्या पुडीचे दाट कालवण रोज खातात. या पानांत कॅल्शियम भरपूर असते. जिथे दूधदुभते बेताचे आणि कोरडे महिने मोठे, तिथे घरातल्या मुलाबाळांसाठी हे एक झाड काय असते याची कल्पना माळावर शेती करणाऱ्या माणसाला लगेच येईल.

मी ही पाने प्रथम अंबाडीसारखी करून पाहिली. कोवळ्या पर्णिका देठापासून सोडवून धुतल्या, बारीक चिरल्या, थोड्या जोंधळ्याच्या कण्या आणि मूठभर तूरडाळ घालून शिजवल्या, रवीने घोटल्या आणि वरून भरपूर लसणाची, लाल मिरचीची फोडणी दिली. अंबाडीला स्वतःचा आंबटपणा असतो, तो या पानांत नाही, म्हणून थोडा चिंचेचा कोळ घालावा लागला. भाजीला दाटपणा आला, चव सौम्य होती, आणि भाकरीबरोबर ती खरोखर चांगली लागली. माळावर राहणाऱ्या काकू शेजारी बसून हे सगळे पाहत होत्या. "अवो, ह्ये खायाचं झाड हाय व्हय?" त्यांनी विचारले. मग एक घास घेऊन म्हणाल्या, "ह्यात दाण्याचं कूट घातलं तर आनि चांगलं लागंल." त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्यांच्या सासऱ्यांनी मुलांना या झाडाला हात लावायची मनाई केली होती, कारण ते साधूचे झाड. फांद्या तुटू नयेत यासाठी ती मनाई चांगलीच होती. पण त्या धाकाबरोबर झाडाची ओळखही पुढच्या पिढीपर्यंत पोहोचायची राहून गेली.

फुलाबद्दल मी थोडक्यातच लिहीन, कारण त्याचे फोटो सगळीकडे आहेत आणि खुद्द फूल पाहायला संध्याकाळी झाडाखाली थांबावे लागते. लांब देठावर उलटे लोंबणारे, पांढरे, पुंकेसरांच्या दाट गोंड्याचे हे फूल अंधार पडताना उमलते, रात्री वटवाघळे त्यावर येतात आणि परागीभवन होते. दुसऱ्या दिवशी ते तपकिरी होऊन खाली पडलेले असते. त्याचा वास कुणाला आवडेल असा नाही.

फळाकडे मात्र नीट पाहिले पाहिजे. ते थंडीत पिकते, तेव्हा पाने उतरलेली असतात आणि उघड्या फांद्यांना लांब देठांवर मखमली लव असलेली, लांबट दुधीच्या आकाराची फळे लटकताना दिसतात. कवच लाकडासारखे टणक असते, ते दगडावर आपटून फोडावे लागते. आत रस नसतो. पांढरा, कोरडा, खडूच्या तुकड्यांसारखा गर आणि त्यात गुंतलेल्या काळपट बिया असतात, आणि त्या सगळ्याला लालसर शिरांनी बांधून ठेवलेले असते. हा गर झाडावरच वाळलेला असतो, त्यामुळे त्याला उन्हात घालावे लागत नाही, मीठ लावावे लागत नाही आणि तो महिनोन्महिने टिकतो. तुकडा जिभेवर ठेवला की आधी पिठूळ लागतो आणि मग स्वच्छ, झणझणीत आंबट चव पसरते. या गरात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते. ते उकळल्याने कमी होते, म्हणून गर थंड पाण्यात भिजवून, कोळून, गाळून घ्यावा आणि त्यात गूळ व चिमूटभर मीठ घालावे. सेनेगलमध्ये असे पेय बुई या नावाने घरोघरी आणि रस्त्यावर मिळते. सुदानमध्येही त्याचे सरबत उन्हाळ्यात प्यायले जाते. केनियाच्या किनाऱ्यावर गर लागलेल्या बियांना साखरेचा लाल पाक चढवून मुलांसाठी मबुयू नावाचा खाऊ करतात. आपल्याकडे मध्य प्रदेशातील मांडूमध्ये ही फळे मांडूची इमली म्हणून रस्त्याच्या कडेला विकायला असतात, आणि मांडू पाहून आलेली कोल्हापूरची मंडळी ती आठवण म्हणून घरी आणून कपाटात ठेवतात. ती फोडून त्याचे सरबत करावे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

युरोपीय संघाने या गराला नवे खाद्य म्हणून २००८ मध्ये मान्यता दिली, आणि तेव्हापासून त्याची पूड आरोग्यदायी अन्न म्हणून पाकिटांतून जगभर विकली जाते. ज्या वस्तूचे झाड आपल्या देशात शतकानुशतके उभे आहे, तीच वस्तू आपण परदेशी पाकिटातून महाग दराने विकत घ्यावी, हे मला योग्य वाटत नाही.

आता सालीविषयी. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला झाडाच्या सालीतून दोर निघतो हे नव्याने सांगण्याची गरज नाही. राधानगरी, चंदगडच्या बाजूला जळणाचा भारा केवणाच्या सालीने बांधलेला अजून पाहायला मिळतो. आपट्याच्या सालीचे दोर जुन्या लोकांना ठाऊक आहेत. आणि अंबाडीचे तर काय सांगावे. शेताच्या कडेला अंबाडी पेरायची, कोवळी असताना तिची भाजी खायची, मोठी झाली की कापून ओढ्याच्या पाण्यात कुजत घालायची आणि सोलून वाख काढायचा, हा क्रम एकेकाळी प्रत्येक गावात होता. त्या वाखाचे कासरे, दावी, चऱ्हाटे, शिंकी वळली जात आणि बेंदराच्या आधी बैलांसाठी नव्या मोरक्या तयार होत. नायलॉनचा दोर आल्यावर हे काम मागे पडले.

गोरखचिंचेची साल याच परंपरेत बसते. फरक एवढाच की अंबाडी दरवर्षी पेरावी लागते आणि हे झाड पिढ्यान्‌पिढ्या वाख देत राहते. आफ्रिकेत बुंध्याच्या खालच्या भागावरून साल उभ्या पट्ट्यांत सोलतात, आतला तंतुमय थर वेगळा करून कुटतात आणि त्याचे दोर, जाळी, चटया, टोपल्या, वाद्यांच्या तारासुद्धा करतात. बहुतेक झाडांची साल चहूबाजूंनी काढली तर ती मरतात, कारण सालीलगतचा वाढीचा थर गेला की तो पुन्हा तयार होत नाही. गोरखचिंचेच्या लाकडात जिवंत पेशींचे प्रमाण इतके मोठे असते की उघड्या पडलेल्या भागावर नवी साल धरते आणि काही वर्षांनी तिथूनच पुन्हा वाख काढता येतो. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनलाही या गोष्टीचे आश्चर्य वाटले होते आणि त्याने ते लिहून ठेवले आहे.

वादळात पडलेल्या एका फांदीची साल काकूंनी जपून ठेवली होती, ती मला त्यांनी दिली. ती भिजवून, दगडावर ठेचून पाहिली तेव्हा आतला थर एकावर एक बसलेल्या जाळीदार पदरांत सुटत गेला. पदर पिवळसर तांबूस, ओले असताना मऊ आणि वाळल्यावर चिवट होते. काकूंच्या दिरांनी मांडीवर दोन पेड वळून हातभर सुतळी करून दाखवली, आणि दोन्ही टोके धरून जोराने ताणली तरी ती तुटली नाही. वळताना त्यांचा तळहात ज्या सहजतेने फिरत होता ती सहजता अंबाडीच्या वाखावरून आलेली होती, हे त्यांनी स्वतःच सांगितले. उभ्या जुन्या झाडाची साल काढा असे मी कधीही म्हणणार नाही. आपल्या जिल्ह्यात असली झाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माझ्या पाहण्यात आहेत आणि त्यांच्या अंगाला कोयता लागता कामा नये. वाख काढायचा तर तो नव्या लावलेल्या, चांगल्या जून झालेल्या झाडांचा.

जुनेपणाविषयी बोलायचे तर लोक हजारो वर्षांच्या गोष्टी सांगतात, आणि ही सवय फक्त आपलीच नाही. मिशेल आदांसाँ हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १७४९ मध्ये सेनेगलला गेला, तिथल्या बेटांवरच्या झाडांवर आधीच्या खलाशांनी कोरलेली नावे आणि सन पाहून त्याने वाढीचा हिशेब मांडला आणि मोठ्या झाडांचे वय पाच हजार वर्षांहून अधिक ठरवले. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनिअसने पुढे बाओबाबच्या संपूर्ण वंशाला, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रजातींच्या गटाला, त्याचेच नाव दिले. पाच हजारांचा आकडा नंतर टिकला नाही. झाड पोकळ होते, वर्तुळे विश्वासार्ह नसतात, म्हणून वय काढणे अवघड होते. रोमानियातील संशोधक एड्रियन पॅट्रुट यांनी पोकळीच्या आतून घेतलेल्या नमुन्यांचे किरणोत्सारी कार्बनने वय काढले तेव्हा झिंबाब्वेतील एक झाड सुमारे २,४५० वर्षांचे निघाले. मोठे बुंधे म्हणजे अनेक खोडे वर्तुळात वाढून एकमेकांत मिसळलेली असतात, हेही त्याच अभ्यासांतून समोर आले. याच गटाने २०१८ मध्ये एक दुःखद गोष्ट प्रसिद्ध केली. आफ्रिकेतील सर्वांत जुन्या १३ झाडांपैकी ९ आणि सर्वांत मोठ्या ६ पैकी ५ झाडे २००५ नंतर पूर्णपणे मेली किंवा त्यांचे जुने भाग कोसळले. त्यावर रोगाची चिन्हे नव्हती आणि संशोधकांचा संशय वाढत्या उष्णतेवर व कोरडेपणावर आहे. जी झाडे दोन हजार वर्षे सगळे सोसून उभी होती ती आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत, हे वाचल्यावर इथल्या प्रत्येक गोरखचिंचेकडे मी अधिक काळजीने पाहू लागले.

हे झाड आपल्याकडे कसे आले, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बाओबाबच्या आठ प्रजाती आहेत. त्यातल्या सहा फक्त मादागास्करमध्ये, एक वायव्य ऑस्ट्रेलियात आणि एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर, ती आपली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात भारतातील झाडे आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतील झाडांशी ताडून पाहिली गेली आणि ती एकदाच नव्हे तर अनेक वेळा, हिंदी महासागरातील व्यापाराच्या वाटांनी आल्याचे दिसले. त्या वाटांनी माणसेही आली. दख्खनच्या सुलतानशाह्यांत हबशी सरदार मोठ्या पदांवर होते आणि १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला आदिलशाहीचा सिद्दी जौहर त्यांच्यापैकीच एक. हैदराबादेत गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातील प्रचंड झाड, मांडूतील झाडे, वसई-मुंबईच्या किनाऱ्यावरची झाडे, ही सगळी बंदरे, किल्ले आणि दर्ग्यांच्या आसपास आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वृक्षारोपणाच्या चर्चेत परदेशी झाड म्हणून याला विरोध करणारे मित्र मला भेटतात आणि त्यांची कळकळ मला समजते. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांनी माळ भरून टाकले तेव्हा पाखरांची आणि गवतांची हानी झाली, हे मीही पाहिले आहे. पण गोरखचिंच आपोआप पसरत नाही. शेकडो वर्षांत ती आपल्याकडे लावली तिथेच राहिली. सह्याद्रीच्या जंगलात, सड्यांवर, देवरायांत ती लावू नये, तिथे तिथलीच झाडे हवीत, यावर माझे दुमत नाही. मी बोलते आहे ते बांध, गायरानाच्या कडा, शाळेचे आवार आणि पडीक मुरमाड जमिनीबद्दल. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते. नव्या पिकाला जागा देऊन पाहण्याची वृत्ती या जिल्ह्याला नवी नाही.

लावायचे असेल तर बी फार टणक असते, नुसते पेरून ते वर्षभर मातीत पडून राहू शकते. उकळते पाणी ओतून रात्रभर तसेच भिजत ठेवावे, किंवा बियांची एक कड कानशीने किंचित घासावी. रोप आले की त्याची पहिली पाने साधी, एकेरी असतात, बोटांसारखी नव्हे. ते पाहून चुकीचे रोप आले असे समजून उपटू नये. खाली मूळ गाजरासारखे फुगते, त्यात रोप पहिल्या उन्हाळ्यासाठी पाणी साठवते. फळासाठी पंधरा-वीस वर्षे वाट पाहण्याची तयारी हवी, पण पानांसाठी इतके थांबावे लागत नाही. पश्चिम आफ्रिकेत आता बिया मेथीसारख्या वाफ्यात दाट पेरून गुडघाभर उंचीची रोपे भाजीसाठी खुडतात, ती पुन्हा फुटतात आणि पावसाळाभर पाने देत राहतात. हे आपल्या परसात सहज करता येण्यासारखे आहे. काकूंनी गोठ्यामागे असा एक वाफा केला आहे आणि त्यांची सून त्यातली पाने आता कुणाला न विचारता डाळीत घालते.

मोठ्या झाडासाठी जागा मात्र विचार करून निवडावी. पाणी साचून राहिलेले या झाडाला सोसत नाही, म्हणून कृष्णा-पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात, शिरोळच्या काळ्या गाळाच्या रानात किंवा उसाच्या पाटाजवळ ते लावू नये. घराच्या पायापासून, विहिरीपासून आणि विजेच्या तारांपासून ते चांगले दूर असावे, कारण बुंधा किती रुंदावेल याचा अंदाज लावणाऱ्याच्या हयातीत येत नाही. उताराचा, निचऱ्याचा, दिवसभर ऊन मिळणारा मुरूम त्याला सर्वांत मानवतो, आणि वडगाव, हातकणंगले, आळते या बाजूंना तसा मुरूम भरपूर आहे. खड्डा मृगाच्या आधी काढून ठेवावा आणि पहिली दोन-तीन वर्षे शेळ्यांपासून काट्यांचे कुंपण करावे. ती पाने आवडीने खाण्यात शेळ्या आपल्या फार पुढे आहेत.